रिपोर्ट नॉर्मल आहे, असं मी सांगितलं

ही गोष्ट सांगायचं मी पाच वर्षं टाळलं. कोणी बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं की मी हृदयाच्या ऑपरेशनबद्दल सांगायचो. लोकांना तेवढं पुरायचं. आमच्या इथल्या मराठी मंडळाने तिची शोकसभा घेतली, तेव्हा एक भला माणूस उभा राहून म्हणाला की काकू पडल्यापासून मनाने खचल्या होत्या, त्यांनी फार मनावर घेतलं. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून 'हे खरं नाही' एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी उठलो नाही. सभा संपल्यावर त्या माणसाचे आभार मात्र मानले.

ती आपोआप खचली नव्हती. तिला मी खचवलं. कसं, ते आता लिहितो. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि मंडळात हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे मी लिहिलं नाही तर त्या भल्या माणसाने सांगितलेलंच खरं म्हणून राहील.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. मी इथल्या एका कंपनीत तीस वर्षं सर्किट बोर्डांच्या चाचण्या करणाऱ्या विभागात होतो. ती काउंटीच्या लायब्ररीत मुलांच्या विभागात होती. निवृत्त झाल्यावरही दर आठवड्याला लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. माझी ऑफिसची पत्रं ती दुरुस्त करून द्यायची. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे वाचताना ती इंग्रजी न येणारी बाई वाटेल.

मंडळाचं गणपतीचं सामान आमच्या अ‍ॅटिकमध्ये असायचं. मखर, समया, सतरंज्या, पडदे. दरवर्षी ऑगस्टमध्ये गॅरेजच्या छतातली घडीची शिडी खाली ओढायची आणि खोकी उतरवायची. माझा एक गुडघा बदललेला, म्हणून वर ती चढायची आणि खालून शिडी मी धरायचो. ती तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती, वजनाने हलकी, आणि या कामाचा तिला अभिमान होता.

"धरलीय ना नीट?" ती वरून म्हणाली.

"धरलीय गं. तू ये खाली."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मंडळाचा सेक्रेटरी होता, हॉलच्या वेळेचा काहीतरी घोळ झाला होता. गॅरेजमध्ये आवाज तुटत होता, म्हणून बोलता बोलता मी दारापर्यंत गेलो आणि तिथून ड्राइव्ह-वेवर. मागे मोठा आवाज झाला. मी वळलो तेव्हा मखराचं खोकं फुटून पसरलं होतं आणि ती त्याच्या शेजारी काँक्रीटवर उताणी पडली होती. डोकं मागून आपटलं होतं. तिचे डोळे उघडे होते, पण काही सेकंद तिला मी कोण ते कळत नव्हतं.

इमर्जन्सीमध्ये नर्सने विचारलं, कशा पडल्या? मी म्हणालो, मी शिडी धरली होती, पण तिचा पाय घसरला. ती पलंगावरून माझ्याकडे बघत होती. नर्सने तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "पाय घसरला."

त्यानंतर शिडीबद्दल आम्ही कधीही बोललो नाही.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय, आराम करा, काही आठवड्यांत बरं वाटेल, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. बरं वाटलं नाही. उजेड सहन होईना, स्वयंपाकघराचे पडदे दिवसा ओढलेले असायचे. डोकं दुखायचं. आणि शब्द हरवायला लागले, आधी इंग्रजीतले. छत्री, गॅलन, बुधवार. लायब्ररीत गोष्ट वाचताना मधेच थांबली आणि समोर बसलेल्या चार वर्षांच्या मुलीने तिला शब्द सांगितला. घरी येऊन ती हसत सांगत होती, पण पुढच्या आठवड्यात गेली नाही. कोणी भरभर बोललं की तिला सगळं कळायचं नाही. मग ती माझ्याकडे वळून मराठीत विचारायची, "काय म्हणाले हो?"

आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. फोडणी करताना ती म्हणायची, "हा हिंग जुना झालाय. वासच नाही याला." मी नवी डबी आणली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी म्हणालो, "आता काय काबूलहून मागवू का?" ती म्हणाली, "मागवा. चांगला असेल तर मागवा."

ऑक्टोबरमध्ये न्यूरॉलॉजिस्टने एमआरआय करायला सांगितला. इथे तपासणीचा निकाल डॉक्टरांच्या आधी पेशंटच्याच फोनवर येतो. पण आमच्या घरातली सगळी खाती माझ्या ईमेलवर होती. तिचं बँकेचं, तिच्या औषधांचं, तिच्या हॉस्पिटलचं, सगळ्याचे पासवर्ड मीच केलेले. आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत असंच आहे. 'अहो, ते तुम्हीच बघा,' असं ती म्हणायची आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यामुळे तिच्या मेंदूचा रिपोर्ट माझ्या खिशातल्या फोनवर आला.

दुपारची वेळ होती. मी इंडियन ग्रोसरीत होतो, ती बाहेर गाडीत काळा चष्मा लावून बसली होती, कारण दुकानातले दिवे तिला सोसायचे नाहीत. माझ्या हातात हिंगाची तिसरी डबी होती. मी फ्रीजरपाशी उभं राहून रिपोर्ट वाचला. बराचसा कळला नाही. जेवढा कळला त्याचा अर्थ असा: कपाळामागे, मेंदूच्या खालच्या बाजूला दोन बारीक ठिपके दिसतात. ते पडल्यामुळे झालेल्या रक्तस्रावाचे असू शकतात. वयामुळे झालेले जुने असू शकतात. यंत्रामुळेही तसं दिसू शकतं. पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. प्रत्येक वेळी 'असू शकतात' हे शब्द तिथेच होते.

आमच्या विभागात बोर्डाच्या चाचणीचे तीन निकाल असायचे. पास, फेल आणि 'पुन्हा तपासा'. तिसऱ्यावर पिवळी चिठ्ठी लागायची. पिवळ्या चिठ्ठीच्या बोर्डाबद्दल ग्राहकाशी अवाक्षर काढायचं नाही, हा आमचा नियम होता. नक्की काय ते कळेपर्यंत त्याला कशाला घाबरवायचं? कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे शिकवलं होतं. दुकानातून गाडीपर्यंत जाताना हेच माझ्या डोक्यात होतं असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते थोडं खरंही आहे. पण त्याच्या आधी एक दुसरा विचार येऊन गेला होता. ठिपके तिच्या पडण्यामुळे नसतील, तर मी शिडी सोडून गेलो याचं काही विशेष राहत नाही.

मी दार उघडून बसलो. ती म्हणाली, "इतका वेळ?"

"रिपोर्ट आला."

तिने चष्मा काढला. उजेडाने डोळे बारीक झाले होते तरी ती माझ्याकडे बघत राहिली.

"नॉर्मल आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तिने तोंडावर हात ठेवला आणि ती रडायला लागली. मला म्हणाली, "मी तर मनाची तयारी केली होती हो. मुलीला कसं सांगायचं तेसुद्धा ठरवलं होतं." मग तिथेच पार्किंगमध्ये बसून तिने नागपूरला बहिणीला फोन लावला. ती बहीण देवाला काहीतरी नवस बोलली होती, तो आता फेडते म्हणाली. मग शॉमबर्गला राहणाऱ्या मुलीला फोन केला. मी गाडी सुरू करून बसलो होतो. पाच मिनिटांत ती बातमी दोन देशांत पोचली. ती परत कशी घ्यायची, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

डॉक्टरकडे दहा दिवसांनी जायचं होतं. मी ठरवलं की डॉक्टरच सांगतील, माझ्यावर येणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट चाळिशीच्या बाई होत्या, हसऱ्या, पण बोलायचा वेग जबरदस्त. बायकोला पहिल्याच वाक्यात गोंधळलेलं बघून त्या थांबल्या. म्हणाल्या, आमच्याकडे फोनवर दुभाषी मिळतो, मराठीचाही मिळेल, लावू का? मी म्हणालो, गरज नाही, मी आहे ना.

बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. करड्या रंगात दोन काळे ठिपके, मोहरीएवढे. त्यांनी पेनाने दाखवले आणि जे रिपोर्टमध्ये होतं तेच सांगितलं, अगदी प्रामाणिकपणे. हे कशाचे आहेत ते मला आज सांगता येत नाही, असंही म्हणाल्या.

बायकोने विचारलं, "ते काय दाखवतायत?"

"वयाप्रमाणे असतंच म्हणतात."

"मग काळजीचं नाही?"

"नाही म्हणतात."

बाई माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, यांच्या वास घेण्यात काही फरक पडलाय का? ठिपके जिथे आहेत तिथे मार बसला तर बऱ्याचदा वास जातो. 'स्मेल' हा शब्द बायकोला कळला. ती पटकन पुढे सरकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हो, सांगा ना त्यांना. मला हिंगाचा वास येत नाही, कॉफीचा येत नाही. साबणाचासुद्धा नाही. पडल्यापासून. सांगा."

हे सगळं एकाच वेळी माझ्यासमोर होतं. तिचं उत्तर बाईंना सांगितलं असतं तर सगळं जुळलं असतं. ठिपके, वास, पडणं. बाई म्हणाल्या असत्या, म्हणजे मार लागलाय. आणि बायकोने विचारलं असतं की मग तुम्ही दुकानातून येऊन नॉर्मल कसं म्हणालात.

मी बाईंना सांगितलं, तिला पहिल्यापासून अ‍ॅलर्जी आहे, नाक चोंदलेलं असतं.

बाईंनी ते टाइप केलं. मी त्यांची बोटं बघत होतो.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "वासाचं काय म्हणाल्या?"

"सायनस असेल म्हणाल्या. जाईल."

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाई चांगल्या आहेत. इतकं सगळं टाइप करून घेतलं."

दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायच्या जेवणाला, तिने बासुंदी केली. तिची बासुंदी मंडळात प्रसिद्ध होती. लोक आधी ती वाढून घ्यायचे आणि मग जेवायचे. दूध खाली लागलं होतं. घरभर करपल्याचा वास होता, पण मी बाहेर पानं गोळा करत होतो आणि आत आलो तोपर्यंत पातेलं गाडीत गेलं होतं. तिने चव बघितली होती. वास नसला की जिभेला फक्त गोड कळतं, हे मला नंतर कळलं. हॉलमध्ये पहिल्या वाटीनंतर माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मलाच राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "आमच्याकडे आता बार्बेक्यू बासुंदी मिळते. अमेरिकन रेसिपी."

सगळे हसले. दडपण गेल्यावर हसतात तसे हसले. तीही हसली. तिने एक वाटी भरून घेतली, एक चमचा खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. तिला काहीच वेगळं लागत नव्हतं. इतकी माणसं कशाला हसतायत ते तिला कळत नव्हतं आणि ती त्यांच्याबरोबर हसत होती.

येताना गाडीत तिने विचारलं, "खरंच करपली होती?"

"अगं, लागली होती थोडी."

"मला का नाही कळलं?"

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं तुझं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लक्ष होतं. मी उभीच होते तिथे."

तेव्हा मी गाडी बाजूला घेऊ शकत होतो. रस्ता मोकळा होता.

जानेवारीत एका सकाळी मी फिरून परत आलो. दार उघडलं आणि गॅसचा भपकारा आला. ती ओट्यापाशी खुर्चीत बसून मेथी निवडत होती. शेगडीचं एक बटण पूर्ण फिरलेलं, ज्योत नाही. वरचं दूध उतू जाऊन विझली होती. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला हाताला धरून बाहेर ओढलं. मेथीची जुडी तिच्या हातातच होती. बाहेर थंडी होती, ती स्वेटरशिवाय.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काय झालं? घर उडालं असतं! वास येत नाही तुला?"

"नाही येत," ती म्हणाली. "मी सांगत होते ना तुम्हाला, खरंच येत नाही हो."

आणि मग मी ते म्हणालो. शेजारचा अमेरिकन म्हातारा ड्राइव्ह-वेवर उभा होता, त्याला भाषा कळत नव्हती म्हणून मी आवाजही खाली आणला नाही. मी म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल आहे तुझा. डॉक्टरने बघितलंय, मी बघितलंय. तुला काहीही झालेलं नाही. लक्ष कुठे असतं तुझं?"

ती हातातल्या मेथीची पानं सावरत राहिली.

त्या दिवशी मी शेगडीची चारही बटणं काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. गॅस गळला तर वाजणारं यंत्र आणून भिंतीवर लावलं. यंत्र लावलं याचा अर्थ मला सगळं माहीत होतं. तिला वास येत नाही, हे मला माहीत होतं. तिला मी सांगितलं की खबरदारी म्हणून. मग चहा करायचा असला की ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. "चहा करायचाय. बटण देता?" मी एक बटण काढून द्यायचो. चहा झाला की ती आठवणीने परत आणून द्यायची. चाळीस वर्षं त्या घरात राहणारी बाई, रोज दोन वेळा.

स्कॅन पुन्हा करायची तारीख जानेवारीच्या शेवटाला होती. आठवण करून देणारे मेसेज माझ्याच फोनवर येत होते. नॉर्मल मेंदूचा पुन्हा स्कॅन कशाला, असं तिने विचारलं तर काय सांगायचं, ते मला सुचेना. मी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. कारण विचारलं होतं. चार पर्याय होते. मी 'पेशंटला आता बरं आहे' यावर बोट ठेवलं. डॉक्टरबाईंच्या ऑफिसातून दोनदा फोन आला, तो मी घेतला नाही.

मुलगी इथेच जन्मलेली, बागा आणि उद्यानांचे आराखडे करते. आईवर तिचा फार जीव. फोनवर म्हणायची, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? देन इट्स अँग्झायटी. यू हॅव टु टॉक टु समवन." ती खरं धरून चालली होती, तिच्याकडे असलेली माहिती तीच होती. तिने व्हिडिओवर बोलणारी एक समुपदेशक शोधून दिली. हिंदी येणारी होती. बायको दर मंगळवारी सकाळी केस नीट करून तिच्यासमोर बसायची. ती समुपदेशक घरी करायला काहीबाही द्यायची. रोज संध्याकाळी वहीत लिहायचं की आज मी कोणत्या गोष्टी मनापासून केल्या आणि कुठे उगाच घाबरले.

ती वही माझ्याकडे आहे. एका पानावर लिहिलं आहे, 'आज फुलं आणली. वास येतो असं मनाशी म्हटलं. नाही आला. उद्या परत प्रयत्न.' दुसऱ्या एका पानावर, 'यांना माझा फार त्रास होतो. रिपोर्ट चांगला असून मीच बरी होत नाही. मनच कच्चं आहे माझं.'

हे ती मला तोंडानेही म्हणाली होती. एकदा जेवताना, ताटाकडे बघत म्हणाली, "माझंच चुकतंय. दुसरी कोणी असती तर एवढ्यात उठून कामाला लागली असती. तुम्ही चिडता त्याचं मला वाईट वाटत नाही." मी म्हणालो, "जाऊ दे, जेव." माझ्या पानात त्या दिवशी बाहेरून आणलेल्या पोळ्या होत्या.

हळूहळू ती कमी बोलायला लागली. मंडळात जाणं थांबलं. गाडी चालवणं तिने आपणहून सोडलं. लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, "तब्येत ठीक आहे, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण घराबाहेर पडायला बघत नाही." म्हणजे शोकसभेत तो माणूस जे बोलला ते त्याच्या मनाचं नव्हतं. माझंच वाक्य तो मला परत देत होता.

पडल्याला अडीच वर्षं झाली तेव्हा तिला चालताना दम लागायला लागला. हृदयाची एक झडप खराब झाली होती, छाती उघडून ती बदलावी लागेल असं ठरलं. हॉस्पिटल दुसरं, डॉक्टर दुसरे. ऑपरेशनच्या सकाळी भूल देणारा डॉक्टर आला. तरुण, नम्र. त्याने ठरलेले प्रश्न विचारले. डोक्याला कधी मार लागला होता का?

मी तोंड उघडायच्या आधी ती इंग्रजीत बोलली. कित्येक दिवसांनी सलग बोलली, एक एक शब्द लावून. म्हणाली, हो, पडले होते. पण मेंदू नॉर्मल आहे. माझ्या मिस्टरांनी रिपोर्ट बघितलाय.

तो डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मी मान हलवली.

तो गेला. दोन मिनिटं मी पलंगाच्या कठड्याला धरून उभा होतो. मग बाथरूमला जाऊन येतो म्हणालो आणि कॉरिडॉरमध्ये त्याला गाठलं. ऑपरेशनमध्ये रक्त पातळ करायची औषधं देतात, एवढं मला माहीत होतं. मी त्याला सगळं सांगितलं. दोन ठिपके, वास जाणं, शब्द हरवणं, न केलेला दुसरा स्कॅन. इंग्रजीत, अर्ध्या मिनिटात. त्याने मला दोष दिला नाही. सर्जनला कळवतो, काळजी घेऊ, असं म्हणाला. मग विचारलं, हे त्यांना माहीत आहे का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, सांगायचं असेल तर आता थोडा वेळ आहे.

मी परत खोलीत गेलो. ती छताकडे बघत होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय. तुझ्या डोक्याच्या रिपोर्टबद्दल."

"आता नको," ती म्हणाली. "आता चांगलं काहीतरी बोला."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक मुलीच्या विमानाची वेळ सांगितली. मग दोन माणसं आली आणि पलंगाचा ब्रेक सोडून तिला घेऊन गेली.

ऑपरेशननंतर ती नीट शुद्धीवर आली नाही. पाचव्या दिवशी गेली. त्या ठिपक्यांचा याच्याशी काही संबंध होता का, असं मी सर्जनला विचारलं. तो म्हणाला, नसेल, असूही शकेल, सांगता येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती मराठी वाचत नाही, त्यामुळे इथे लिहून तिच्यापासून पुन्हा लपवल्यासारखं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाबा, मी तिला थेरपिस्टकडे पाठवलं. शी वॉज नॉट... बाबा, ती खरं सांगत होती." मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला. तेव्हापासून तिचा फोन आलेला नाही, आणि मी केला तर ती उचलत नाही. ती उचलणार नसेल तर ते बरोबरच आहे.

ऑपरेशनच्या सकाळी खुर्ची ओढून बसलो तेव्हा जे म्हणायचं होतं ते पाठ केलेलं होतं. 'आता नको' म्हटल्यावर मी इतक्या पटकन थांबलो, त्यात मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं आहे. ते बोलणं असं होतं:

हे बघ, तुझा रिपोर्ट नॉर्मल नव्हता. त्यात काहीतरी होतं आणि ते कशाचं ते कोणालाच नक्की कळत नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरबाईंना तुझं उत्तर मी खोटं सांगितलं. तुला वास येत नव्हता, शब्द सापडत नव्हते, ते सगळं खरं होतं. तुझं मन कच्चं नाही. तू बरोबर सांगत होतीस आणि मी तुला खोटं पाडत राहिलो. मला माफ कर.